कुर्डुवाडी : गाडी बदलण्याचे गाव



आषाढीच्या आधी सातवीच्या वर्गात वाहतुकीची साधने हा भाग शिकवीत होते. तेव्हा एका मुलीने हात वर केला. "मॅडम, माझी आजी म्हणते, पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसावे लागायचे. आता ती छोटी गाडीच नाही. मग त्या गावाला काय काम उरले?" वर्ग हसला, पण मला प्रश्न फार आवडला. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, म्हणून 'वार्तापत्रात लिहीन' असे मी तिला सांगितले. तो शब्द आज पाळत आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरी आणि नंतर शाळेत शिकवता शिकवता शिकले. तरी भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी स्टेशन, मग गाव

बहुतेक गावे नदीकाठी, किल्ल्याच्या आश्रयाने किंवा देवळाभोवती वाढली. काही गावे मात्र रेल्वेने वाढवली. आपल्या महाराष्ट्रात भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी, पूर्णा ही अशी नावे आहेत. कुर्डुवाडी त्यांतलेच एक लहान गाव. ते सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. नावातच त्याची जन्मकथा दिसते. मूळ गाव कुर्डू. ते आजही वेगळे आहे, त्याची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. त्या कुर्डूची ही वाडी. पण आज बाहेरच्या माणसाला कुर्डू ठाऊक नसते आणि वाडी सर्वांना ठाऊक असते. वाडी मोठी झाली, कारण रेल्वे वाडीजवळून गेली.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., पुण्यावरून पुढे सरकत १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. ही रेल्वे पुढे रायचूरकडे न्यायची होती, कारण तिकडून मद्रासची रेल्वे येत होती. १८७१ मध्ये या दोन रेल्वे रायचूरला मिळाल्या. पुढे १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा मार्ग सुरू झाला आणि आपले हैदराबाद मुंबईशी जोडले गेले. म्हणून आपल्याकडील मराठी घरांच्या प्रवासाच्या गोष्टींत वाडी, गुलबर्गा, सोलापूर, कुर्डुवाडी ही नावे याच क्रमाने येतात.

या सरळ मार्गाच्या बाजूला एक मोठी बाजारपेठ राहून गेली होती. ती म्हणजे बार्शी. बालाघाटाच्या डोंगराळ भागातून आणि निजामी मुलखातून कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बैलगाड्यांनी बार्शीला येई. तेथून रेल्वेपर्यंत सुमारे २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर, पुन्हा बैलगाडी. बार्शीचा माल या स्टेशनावर चढे, म्हणून रेल्वेने स्टेशनाला नाव दिले 'बार्शी रोड'. आजचे कुर्डुवाडी स्टेशन ते हेच. म्हणजे सुरुवातीला त्याला स्वतःचे नावसुद्धा नव्हते. दुसऱ्या गावाचा रस्ता एवढीच त्याची ओळख होती.

रूळ लहान का घातले?

हे २१ मैलांचे अंतर रेल्वेने जोडावे, असे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने मनावर घेतले. ते पूर्वी जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होते. मोठ्या रुळांचा मार्ग येथे परवडणार नाही हे त्यांनी ओळखले. वाहतूक थोडी, खर्च मोठा, मग फायदा कुठून होणार? म्हणून त्यांनी अरुंद रुळांचा मार्ग सुचवला. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली.

विद्यार्थ्यांनी येथे वही काढावी. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. आपल्या देशातील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेपाच फूट. मीटरगेज १००० मिलिमीटर. आणि बार्शी लाईटचे नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी.

कॅलथ्रॉप यांचा खरा शोध रूळ अरुंद करण्यात नव्हता, तो वजन वाटून देण्यात होता. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घातला. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. भार सारखा वाटला गेला की हलके, स्वस्त रूळही पुरतात, आणि अशा रुळांवरून बऱ्यापैकी मोठे डबे नेता येतात. चार आसांच्या डब्याचे मालासह एकूण वजन किती चालेल? चार गुणिले पाच, वीस टन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जगभरच्या छोट्या रेल्वेंसाठी बार्शीचा हा मार्ग नमुना ठरला. हेच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवरही काम करीत होते, हे ऐकून मुलांना गंमत वाटेल.

हा मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. मिरज ते लातूर असा सुमारे ३२५ किलोमीटरचा हा मार्ग झाला आणि कुर्डुवाडी त्याच्या मध्ये आली.

गावाचा नकाशा

आता कोऱ्या कागदावर नकाशा काढू. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक जाड तिरकी रेघ ओढा. हा पुणे-सोलापूर ब्रॉडगेज मार्ग. रेघेच्या मध्यावर एक ठिपका द्या. ही कुर्डुवाडी. ठिपक्यापासून उजवीकडे वर एक बारीक रेघ ओढा, ती बार्शी, येडशी, लातूरकडे जाते. दुसरी बारीक रेघ ठिपक्यापासून खाली ओढा, ती पंढरपूर आणि पुढे मिरजेकडे जाते. चार दिशांना चार वाटा. गावाची पहिली आकृती ही अशी चौफुली आहे.

आता ठिपका मोठा करून पाहू. मधोमध स्टेशन. तेथे मोठी गाडी आणि छोटी गाडी जवळजवळ येऊन थांबत. पण मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर जाऊ शकत नाही, छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर येऊ शकत नाही. म्हणून माणसे पायी चालून गाडी बदलत आणि माल माणसांच्या पाठीवरून बदलत असे. लातूरच्या डाळीचे पोते छोट्या डब्यातून उतरायचे आणि मोठ्या डब्यात चढायचे. या एका कामावर हमाल, मुकादम, मालबाबू, अडत्यांचे कारकून अशी किती तरी घरे चालत.

स्टेशनाच्या पुढचा थर कारखान्याचा. इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागते आणि दुरुस्ती लागते. कुर्डुवाडीला नॅरोगेजची इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा कारखाना उभा राहिला. फिटर, लोहार, सुतार, रंगारी असे कसबी कामगार तेथे आले. त्यांच्यासाठी रेल्वेची घरे बांधली गेली. अशा गावांत घरांवरूनच हुद्दा कळतो. साहेबांचा बंगला ऐसपैस आवारात, बाबूंची क्वार्टर्स त्याहून लहान आणि खलाशी, गँगमन यांच्या खोल्या एकाला एक लागून.

तिसरा थर बाजाराचा. गाडी चुकलेल्या माणसाला चहा लागतो, जेवण लागते, रात्रीची पथारी लागते. म्हणून रेल्वेच्या हद्दीबाहेर पडले की हॉटेले, खाणावळी, धर्मशाळा आणि किराणा दुकाने लागतात. आणि या सगळ्याच्या बाहेर, थोड्या अंतरावर, शेतीवाडीचे जुने कुर्डू. मनमाड, दौंड किंवा पूर्णा पाहिलेत तरी हे थर थोड्याफार फरकाने सापडतील. रेल्वेचे गाव ओळखण्याची ही किल्ली आहे.

आमची एक रात्र

माझ्या लहानपणी, १९८० च्या आसपास, आम्ही नामपल्लीहून मुंबईच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरलो होतो. आजी, आई, बाबा, आम्ही तीन भावंडे आणि एक पत्र्याची पेटी. अंधार होता. बाबांनी आधी माणसे मोजली, मग सामान मोजले. छोटी गाडी सकाळी होती. आजीने फलाटावर सोलापुरी चादर अंथरली, दशम्या सोडल्या. शेजारी लातूरकडचे एक वारकरी कुटुंब बसले होते. आमची मराठी ऐकून त्यांतल्या आजोबांनी विचारले, "तुम्ही मोगलाईतले काय?" हैदराबाद संस्थान संपून तेव्हा तीस वर्षे झाली होती, तरी त्यांच्या तोंडी तो शब्द होता. आजी म्हणाली, "होय बाबा, आणि तुम्ही पण."

तिचे बरोबर होते. बार्शी इंग्रजी मुलखात होती, पण लातूर निजामाच्या राज्यात होते. बार्शी लाईट १९११ पासून ही सरहद्द ओलांडत असे. निजामी हद्दीची जकात वेगळी होती, तिला करोडगिरी म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि ही सरहद्द मिटली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट कंपनीकडून ताब्यात घेतली. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत हवी. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्यात घातला गेला होता आणि १९७७ मध्ये तो परत मध्य रेल्वेत गेला. म्हणजे सुमारे अकरा वर्षे कुर्डुवाडीचा कारभार आपल्या सिकंदराबादहून चालत होता.

सकाळी छोटी गाडी आली. डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे लागत. चढावर ती इतकी सावकाश चाले की मोठी मुले उतरून बाजूने धावत. यात्रेच्या दिवसांत तर लोक टपावरही बसत. ते चुकीचे व धोक्याचे होते, पण जागाच पुरत नसे. पंढरपूर अवघे ५२ किलोमीटर, पण आमची अर्धी सकाळ त्यात गेली. आजीला त्याचे काही वाटले नाही. ती म्हणाली, "पायी जाणाऱ्यांपेक्षा तरी आपण लवकर पोचलो."

रूळ एक झाले

देशभर शक्य तेथे एकच गेज करावे, असे धोरण रेल्वेने १९९२ मध्ये घेतले. आपल्याला हे जवळून पाहायला मिळाले. शाळेपासून जवळच्या काचीगुडा स्टेशनावर आमच्या तरुणपणी मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी उभी असे. १९१६ मध्ये सुरू झालेली ती इमारत तीच आहे, पण आता तेथे सगळे ब्रॉडगेज आहे.

बार्शी लाईटचेही तसेच झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर हा तुकडा २००१-०२ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. २००८ मध्ये लातूरकडचा मार्ग पूर्ण झाला आणि तो येडशीवरून धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद शहराजवळून नेण्यात आला. २०१०-११ मध्ये पंढरपूर-मिरजही ब्रॉडगेज झाले. लातूरची माणसे डबा न बदलता मुंबईला जाऊ लागली.

लातूरच्या व्यापाऱ्याचे पोते आता मध्ये उतरत नव्हते. ज्यांचे पोट ते पोते उतरवण्यावर चालत होते, त्यांचे काय झाले असेल याचाही विचार आपण करावा. सोय कोणाची झाली आणि काम कोणाचे गेले, हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय इतिहासाचा अभ्यास पूर्ण होत नाही.

पाण्याची गाडी

या दोन प्रश्नांच्या जोडीला एक तिसरी गोष्ट सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी उरले नाही. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवायचे ठरले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाकीडब्यांची पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली आणि तिने एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी नेले. या गाडीला लोक 'जलदूत' म्हणू लागले.

ती कोणत्या वाटेने गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वाट जवळपास बार्शी लाईटचीच, रूळ मात्र नवे.

आता वीस टनांचा आकडा आठवा. एका टाकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. एक लिटर पाणी एक किलोचे, म्हणून हे ५० टन झाले. टाकीचे स्वतःचे वजन वेगळेच. कॅलथ्रॉप यांच्या मूळ नियमाप्रमाणे चार आसांच्या डब्याला स्वतःच्या वजनासह वीस टनांचीच मुभा होती. म्हणजे एका टाकीचे पाणी न्यायला तीन डबेही पुरले नसते. जुन्या रुळांवरून ही गाडी गेलीच नसती. जे रूळ मोठे झाल्यामुळे कुर्डुवाडीच्या फलाटावरची चहाची किटली थंड झाली, त्याच रुळांवरून लातूरच्या घागरी भरल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवू नये.

मग गावाला काय काम उरले?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रुळांची रुंदी बदलली, पण चौफुली हलली नाही. पुणे, सोलापूर, लातूर आणि पंढरपूर या चार वाटा आजही कुर्डुवाडीलाच भेटतात. रेल्वेच्या कारखान्यात कसब होते, ते छोट्या गाडीबरोबर संपले नाही, त्याला दुसरे काम मिळाले. गावाला नगरपरिषद आहे. तालुक्याचे ठिकाण माढा असले तरी पंचायत समिती कुर्डुवाडीला आहे. माणसे जिथे सवयीने एकत्र येतात, तिथे शाळा, कचेऱ्या, दवाखाने येतात आणि गाव एका गाडीवर अवलंबून राहत नाही. नुसत्या थांबण्यावर जगणारे गाव गाडी थांबेनाशी झाली की ओस पडते. ज्या गावाने थांबलेल्या माणसांकडून काही शिकून ठेवले, ते टिकते.

पालक आणि विश्वस्त मंडळींना मला येथे एक गोष्ट सांगायची आहे. आपली मुलेही रोज गाडी बदलतात. घरी मराठी, चिक्कडपल्लीच्या रस्त्यावर तेलुगू आणि हैदराबादी हिंदी, पुस्तकात इंग्रजी. दिवसातून चार वेळा ती या डब्यातून त्या डब्यात चढतात आणि आपल्याला त्यांचे कौतुक वाटते, ते योग्यच आहे. पण पोते एका डब्यातून दुसऱ्यात टाकताना थोडे धान्य सांडतेच. आमच्या आजीकडे होते ते सगळे माझ्याकडे आले नाही आणि माझ्याकडचे सगळे माझ्या मुलांकडे गेले नाही. किती सांडले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो ठेवायला आता सुरुवात करावी, एवढीच विनंती.

स्वाध्याय

१. वर सांगितल्याप्रमाणे कुर्डुवाडीचा नकाशा काढा व चार दिशांची नावे लिहा.

२. ७६२ मिलिमीटर ही रुंदी १६७६ मिलिमीटरच्या शेकडा किती आहे ते काढा.

३. दहा टाक्यांतील पाच लाख लिटर पाणी वीस टनांच्या मर्यादेत न्यायचे असते, तर किमान किती डबे लागले असते? डब्याचे स्वतःचे वजन आठ टन धरून पुन्हा गणित करा.

४. आजी-आजोबांना विचारा : आपले कुटुंब हैदराबादला कोणत्या गावाहून, कोणत्या वर्षी, कोणत्या गाडीने आले? गाडी कुठे बदलली? सोबत काय आणले होते? उत्तर त्यांच्याच शब्दांत, एका पानावर लिहा. शब्द कळला नाही तर बदलू नका, तसाच लिहा आणि अर्थ विचारून कंसात लिहा.

चौथ्या प्रश्नाची पाने वर्गशिक्षकांकडे द्यावीत. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने ती एका फाईलमध्ये लावून ग्रंथालयात ठेवण्याचा विचार आहे. जुनी तिकिटे, पत्रे, स्टेशनावरचे फोटो असतील तर त्यांच्या प्रती द्याव्यात, मूळ वस्तू घरीच जपून ठेवाव्यात. ज्यांच्या घरी सांगणारे माणूस आज आहे, त्यांनी हे काम पुढच्या सुटीवर टाकू नये.

आपली,
मुख्याध्यापिका